सुकं बी सजीव की निर्जीव?

‘सुकं बी श्वास घेत नाही, वाढत नाही, म्हणजे रुजेपर्यंत ते निर्जीवच’ असं म्हणतात, ते पटत नाही. श्वास आणि श्वसन यांत इथे गल्लत झालीये. श्वसन म्हणजे अन्नातून ऊर्जा मिळवणं, ते पेशीत चालतं. सुक्या बियाण्यात ते जवळपास थांबलेलं असतं, पण त्याची विकरं (ही क्रिया घडवणारी प्रथिनं, एन्झाइम) शाबूत असतात आणि ती रुजवल्याशिवायही तपासता येतात. मक्याचे दाणे रात्रभर पाण्यात भिजवा, अंकुराच्या (दाण्यातल्या बीजगर्भाच्या) मधोमध उभे चिरा आणि ०.१ ते १ टक्का टेट्राझोलियम या रसायनाच्या द्रावणात ३० अंशांच्या आसपास दोन-चार तास ठेवा. अंधारातच ठेवा, उजेडात द्रावण आपोआप लाल होतं. जिवंत अंकुरातली श्वसनाची डीहायड्रोजिनेज विकरं या रंगहीन द्रव्याचं फॉर्माझान हे लाल रंगद्रव्य करतात, मेलेला अंकुर पांढराच राहतो. तुलनेला एक उकळलेला दाणा हवाच. द्रावण आम्लधर्मी झालं तर रंग फिका येतो, म्हणून सामू (pH) ७ च्या जवळ ठेवतात; बुरशी लागलेला दाणाही लाल दिसू शकतो, तो बाजूला काढा.

गंमत म्हणजे जिवंत दाण्यातही पिठूळ भाग रंगत नाही. तिथल्या पेशी दाणा पिकतानाच मेलेल्या असतात.