सन रा चे सोलो पियानो रेकॉर्ड : कुठून सुरू करू, कसे ऐकू?

रातराणी :
दोन आठवडे एकच रेकॉर्ड डोक्यात बसलाय म्हणून शेवटी विचारतेय. सन रा हा अमेरिकन जॅझ पियानोवाला मला फक्त त्याच्या आर्केस्ट्रा या बँडमुळे माहीत होता (हो, आर्केस्ट्राच, त्यानेच तसं नाव ठेवलंय). १९७३ चा 'स्पेस इज द प्लेस' लावला होता, पहिली अख्खी बाजू एकच गाणं, वीसेक मिनिटं तीच ओळ फिरतेय, खाली बॅरिटोन सॅक्सचा (खालच्या सुरांच्या सॅक्सोफोनचा) तोच तुकडा आणि वरून बाकीचे सगळे सुटलेत. मी दमले आणि बंद केलं. मग परवा 'सोलो पियानो, व्हॉल्यूम १' लागला, 'समटाइम्स आय फील लाइक अ मदरलेस चाइल्ड' सुरू झालं. मी भाजी परतत होते, गॅस बंद करून ओट्याला टेकून उभी राहिले ते ते संपेपर्यंत. हा खरंच तोच माणूस आहे का? आणि पुढे काय ऐकू? 'मोनोरेल्स अँड सॅटेलाइट्स' लावून बघितला तर पियानोच खडबडीत वाटला, सूर नीट न लावलेला असा, तो मी चुकीच्या वेळी ऐकला का?

काळी_पाच :
तोच माणूस, आणि खरं तर सोलो रेकॉर्डमध्येच तो पूर्ण सापडतो असं माझं ठाम मत आहे. बँडमध्ये तो पुष्कळदा दोन कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर) टाकून बाजूला होतो आणि बाकीच्यांना सोडतो, त्यामुळे त्याचा हात किती तयार आहे ते कळतच नाही. एक लक्षात घ्या, हा १९१४ चा जन्म, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा, १९४६-४७ ला शिकागोच्या क्लब डिलिसामध्ये फ्लेचर हेंडरसनच्या बँडला पियानो वाजवायचा. म्हणजे स्विंग, तो जुना नाचायचा बिग-बँड जॅझ, त्याने पुस्तकातून घेतलेलं नाही, ज्यांनी ते घडवलं त्यांच्याबरोबर बसून वाजवलंय. तुम्ही ऐकताय तो रेकॉर्ड मे १९७७ चा, तेव्हा तो ६३ चा होत होता, म्हणजे तीस वर्षांपूर्वीचं ते सगळं अजून बोटात आहे.

ऐकताना एकच करा, उजवा हात सोडून द्या आणि फक्त डावा ऐका. जुन्या स्ट्राइड पद्धतीत करंगळी पहिल्या मात्रेला खाली खर्जात पडते, दुसरीला हात उडी मारून मधल्या सप्तकात कॉर्ड दाबतो, तिसरीला परत खाली, चौथीला परत वर. मी स्वतः थोडा पियानो वाजवतो, ही उडी न बघता घ्यायला लागलं की मनगट किती दुखतं ते मला माहितीय. सन रा हे सगळं जमवतो आणि मग मधेच डावा हात थांबवतो किंवा भलत्याच सुरावर टाकतो, आणि पायाखालची पायरी काढून घेतल्यासारखं होतं. ती पायरी आधी होती हे ज्याला ऐकू आलंय त्यालाच ते कळतं. म्हणून लोक याला नुसतं 'फ्री', म्हणजे नियम सोडून मोकळं वाजवणं, म्हणतात ते मला पटत नाही.

मध्यलय :
काळी_पाच यांच्याशी सहमत पण 'मोनोरेल्स'बद्दल थोडं भांडणार. तो १९६६ चा आहे, न्यूयॉर्कचा काळ, त्याच्या स्वतःच्या सॅटर्न लेबलवर निघाला. आवाज खडबडीत आहे हे खरं, पण मला तो तसाच आवडतो, खोलीत आपण शेजारी बसलोय असं वाटतं. त्यात 'ईझी स्ट्रीट' हे एकच दुसऱ्याचं गाणं आहे, बाकी सगळं त्याचं. तर रातराणी, तुम्ही ते 'ईझी स्ट्रीट' आधी ऐका आणि मग 'कॉजिटेशन'. ओळखीची चाल कानात असली की पुढचं अनोळखी तितकं अंगावर येत नाही, निदान माझं तसं झालं. आणि रात्री ऐका, हेडफोन लावून.

सुरुवात करायला मात्र 'सेंट लुईस ब्लूज'च, ३ जुलै १९७७ चा, लोकांसमोर वाजवलेला. तो आणि तुमचा व्हॉल्यूम १ दोन्ही पॉल ब्ले या पियानोवाल्याच्याच लेबलने काढलेत, म्हणजे एका पियानोवाल्याने दुसऱ्याला नुसतं एकटं बसून वाजव म्हणून बसवलं, याचं मला फार कौतुक वाटतं. डब्ल्यू. सी. हँडीचं हे गाणं १९१४ चं, सन रा जन्मला त्याच वर्षीचं, आणि हँडीही अलाबामाचाच. ब्लूजचं आवर्तन १२ बारचं, प्रत्येकी ४ मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं समजा, चार-चार बारच्या तीन ओळी. ठेका धरून मोजत बसलात की तो कुठे घरात आहे आणि कुठे उंबऱ्याबाहेर गेलाय ते आपोआप कळायला लागतं.

रातराणी :
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री डावा हात धरून 'मदरलेस चाइल्ड' परत लावलं आणि इतके दिवस मी वरचीच चाल ऐकत होते हे कळलं. 'सेंट लुईस'चं मोजणं दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा सम बरोबर सापडली आणि चक्क मांडीवर थाप पडली. 'ईझी स्ट्रीट'ही ऐकलं, तो खडबडीत पियानो आता खुपत नाहीये. 'कॉजिटेशन' अजून जड जातंय, पण बंद केलं नाही. मला कळलं की नोव्हेंबर १९७७ ची व्हेनिसची सोलो मैफलही रेकॉर्डवर आहे, ला फेनिचे थिएटरमधली. ती आता ऐकू का आधी 'मोनोरेल्स'चा दुसरा भाग?

काळी_पाच :
व्हेनिस. सुट्टीच्या दिवशी, एका बैठकीत, मधे न उठता.