बारावीला गणित नाही, आयसर पुणे (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) जमेल का?

बार्शीची_मुंगी: पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) घेतलंय, गणित अकरावीलाच सोडलं. डॉक्टर व्हायचं नाही, मुंग्यांवर काम करायचंय. घरचे म्हणतात, मेडिकलची नीट परीक्षा दे नि गप बस.

निशाचर: गणित नसलं तरी फॉर्म भरता येतो. पण आयएटीच्या, म्हणजे आयसरच्या प्रवेश परीक्षेच्या, ६० प्रश्नांत १५ गणिताचेच. आत गेल्यावरही पहिल्या वर्षी गणित, फिजिक्स चुकत नाही. मीही पीसीबीवालाच, डेरिव्हेटिव्ह (बदलाचा वेग काढायचं गणित) मेसमध्ये मित्राकडून शिकलो. वारूळ किती वेगानं वाढतं हे मांडायला शेवटी तेच लागलं, कर्म माझं!

बॉटनीवाले_काका: साधं बीएस्सी झूऑलॉजीही वाईट नाही गं. कीटकशास्त्र तिथंही आहे, एमएस्सीला चांगलं विद्यापीठ गाठ.

बार्शीची_मुंगी: दोन्ही फॉर्म भरते, काका. निशाचरदादा, गणिताला पुस्तक कुठलं?

निशाचर: अकरावीचं एनसीईआरटी. आधी तेवढंच संपव.