भर समुद्रात दुखणं आलं, बिल कोणी भरलं?

क्रूझवर सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि पुढचं बंदर चौदा तासांवर होतं. केबिनमधल्या फोनवरून कळवलं, तर पाचेक मिनिटांत दोन नर्स व्हीलचेअर घेऊन दारात. ईसीजी झाला, सलाईन लागलं, ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्ताची, तपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा झाली. सकाळी डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, पित्ताचा त्रास आहे. आम्ही सगळे एकदम हसायलाच लागलो.

निघताना डेस्कवरच्या बाईंनी सासऱ्यांचं केबिनचं कार्ड मागितलं आणि चार पानी बिल पुढे केलं. ज्या कार्डावर आदल्या दिवशी कॉफी आणि फोटो चढले होते, त्याच कार्डावर ईसीजी चढला. मी म्हटलं, अहो, आमचा विमा आहे. त्या म्हणाल्या, "फारच छान. घरी गेल्यावर त्यांच्याकडून घ्या."

पैसे मिळाले, पण पाच महिन्यांनी आणि वजावट, म्हणजे बिलाचा आपण सोसायचा पहिला हिस्सा, जाऊन. तेही थोडक्यात हुकले असते. बिलाबरोबर मिळालेल्या वैद्यकीय अहवालावर डॉक्टरांची सहीच नव्हती. उतरायच्या दिवशी सगळे बॅगा घेऊन रांगेत उभे, तेव्हा हे यांच्या लक्षात आलं. रांग सोडून खालच्या डेकवर पळत गेले आणि सही-शिक्का घेऊन आले.

ओळखीपाळखीत हे सांगितलं तर ज्याच्या त्याच्याकडे काही ना काही किस्सा निघाला, म्हणून हा धागा. 'विमा काढाच' एवढंच नको. पैसे आधी कोणी भरले, विमा कंपनीला फोन केव्हा केला, काय मिळालं, काय बुडालं, कोणता कागद नडला, ते लिहा. कंपन्यांची नावं मात्र टाळा, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच वाहत जाते.

*

माझं अगदीच किरकोळ. पहिल्याच रात्री समुद्र खवळला आणि मी आडवी. दवाखान्यात जाऊन उलटीचं इंजेक्शन घेतलं. बिल विम्याच्या वजावटीपेक्षा कमी, त्यामुळे क्लेमचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी कळलं की जहाज लागण्यावरच्या साध्या गोळ्या रिसेप्शनवर फुकट ठेवलेल्या असतात. आमच्या जहाजावर तरी होत्या. आधी तिथे विचारा.

*

आईचा खुबा मोडला, त्याची गोष्ट जरा लांब आहे.

केबिनच्या बाथरूमला उंबरा असतो, चांगला वीतभर. पाचव्या दिवशी पहाटे आई त्याला अडखळली. जहाजावर एक्स-रे निघाला, दुखणं कमी करायची औषधं मिळाली, पण शस्त्रक्रिया तिथे होत नाही. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, पुढच्या बंदरावर उतरावं लागेल. "नाही म्हटलं तर?" असं मी विचारलं. उत्तर आलं की हा निर्णय डॉक्टर आणि कप्तान घेतात, प्रवासी घेत नाहीत. तिकिटाच्या अटींत ते लिहिलेलं असतं, आम्ही वाचलं नव्हतं.

सामान भरायला पाऊण तास मिळाला. पासपोर्ट जहाजाकडे जमा होते, ते एका माणसाने आणून दिले. मी आईचे कपडे उशीच्या अभ्र्यात कोंबत होते. धक्क्यावर जहाजाचा स्थानिक एजंट रुग्णवाहिका घेऊन उभा होता. आम्ही रुग्णवाहिकेत बसलो आणि मागे जहाजाचा भोंगा वाजला. ती आवाजाची वेळ मला अजून आठवते, कारण त्या क्षणापासून आमचं काहीही जहाजाच्या अंगावर नव्हतं. एजंट भला माणूस होता, पण रुग्णालयाचे पैसे हा त्याचा विषयच नव्हता.

रुग्णालयाने आधी अनामत मागितली. माझ्या क्रेडिट कार्डाची मर्यादा पुरेना. भावाला झोपेतून उठवून त्याच्या कार्डावरून अर्धी रक्कम भरली. एक गोष्ट मात्र मी नशिबाने नीट केली होती: जहाजावरूनच, आई एक्स-रेच्या टेबलावर असताना, पॉलिसीवरच्या चोवीस तासांच्या मदत क्रमांकावर फोन करून केस नंबर घेतला होता. त्यामुळे सात-आठ तासांत विमा कंपनीचं हमीपत्र थेट रुग्णालयात पोचलं आणि शस्त्रक्रियेचं बिल आमच्याकडे आलंच नाही. शेजारच्या खोलीत एक जोडपं होतं, त्यांनी तीन दिवसांनी फोन केला. त्यांना सगळं आधी भरून मग मागावं लागलं, वर "आधी का कळवलं नाही" हेही ऐकावं लागलं.

परतीच्या विमानात पाय लांब करता येईल अशी जागा हवी होती आणि विमान कंपनीला 'फिट टू फ्लाय'चं, म्हणजे रुग्ण विमानाने जाऊ शकतो असं डॉक्टरांचं, पत्र हवं होतं. पत्राला तारीख असते, विमान एक दिवस पुढे गेलं तर ते शिळं झालं, नवीन आणा. माझा हॉटेलचा खर्च 'सोबतचा नातेवाईक' या कलमाखाली मिळाला. सोडून द्याव्या लागलेल्या सहा दिवसांचे पैसे सहल खंडित होण्याच्या कलमाखाली मिळाले. वॉकर, भावाचं तिकीट आणि माझ्या फोनचं रोमिंग पदरचं गेलं. आणि आईचं श्रवणयंत्र केबिनच्या तिजोरीत राहिलं, ते तीन आठवड्यांनी कुरिअरने आलं. तोपर्यंत डॉक्टर काय म्हणतात ते मी तिच्या कानात ओरडून सांगत होते.

*

माझा क्लेम नाकारला गेला, आणि रागावायला दुसरं कोणी नाही.

पॉलिसी फोनवर घेतली. पलीकडून विचारलं, बीपी, साखर? मी म्हटलं, "कंट्रोलमध्ये आहे." त्याने 'नाही'वर टिक केली, मीही प्रस्ताव न वाचता मान डोलावली. जहाजावर चक्कर येऊन पडलो, डोक्याला टाके, दोन दिवस निरीक्षण. क्लेम पाठवल्यावर विमा कंपनीने माझ्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी मागवल्या. त्यात निघण्याच्या महिनाभर आधी गोळीचा डोस बदललेला. डोस कमी झाला होता हो, वाढला नव्हता! पण काही पॉलिसींत ठरावीक मुदतीत औषध बदललं की आजार 'स्थिर' धरत नाहीत, बदल कुठल्या का दिशेला असेना.

आता मी गोळ्यांची यादी डॉक्टरांच्या सहीने घेतो आणि प्रस्तावाला जोडतो. प्रीमियम वाढतो. वाढू दे.

*

जहाजावरच्या दवाखान्यात नर्स म्हणून मी दोन करार केले, म्हणून पलीकडची बाजू सांगते.

२००६ च्या सागरी कामगार करारानुसार, १०० किंवा जास्त माणसं घेऊन ३ दिवसांहून लांबची आंतरराष्ट्रीय फेरी करणाऱ्या जहाजावर डॉक्टर असावाच लागतो. नियम मुळात कामगारांसाठी केलेला, फायदा प्रवाशांनाही होतो. मोठ्या जहाजांवर एक्स-रे, व्हेंटिलेटर, डिफिब्रिलेटर, छोटी प्रयोगशाळा, गुठळी विरघळवायचं औषध, एवढं असतं. रक्तपेढी नसते. फार रक्तस्राव झाला तर लाउडस्पीकरवरून रक्तदात्यांना बोलवावं लागतं. मी एकदा ते पाहिलंय, दहा मिनिटांत जिन्यापर्यंत रांग लागली होती. सीटी स्कॅन, अँजिओप्लास्टी वगैरे शक्यतो विसरा. म्हणून आम्ही रुग्णाला स्थिर करतो आणि उतरवतो. दवाखाना खालच्या डेकवर असतो तोही यासाठीच: तिथे जहाज कमी हलतं आणि स्ट्रेचर लगेच बाहेर काढता येतं.

हेलिकॉप्टर सिनेमात दिसतं तसं कुठेही येत नाही. त्याला इंधनाची मर्यादा आहे, किनारा लांब असेल तर आधी जहाजच वळवावं लागतं.

आणि गर्भवती बायकांनो, सफरीत कधीही २४ आठवडे पूर्ण होत असतील तर बहुतेक कंपन्या चढूच देत नाहीत. धक्क्यावरून परतलेल्या मुली पाहिल्या आहेत, आणि त्यांचे पैसेही परत मिळत नाहीत.

*

उलट बाजूने लिहितो. नऊ सफरी झाल्या, विमा एकदाही काढला नाही, कारण क्रेडिट कार्डाबरोबर फुकट प्रवासविमा मिळतो. वरचं सगळं वाचून आज पहिल्यांदा त्याची पुस्तिका उघडली. अपघाती मृत्यू आणि हरवलेलं सामान. बस्स. आजारपणाचा शब्द नाही. म्हणजे मी नऊ वेळा सुटकेस सांभाळून नेली, स्वतःला नाही.

*

आमच्या मावशी अमेरिकेत असतात, त्यांचा सगळा भरवसा मेडिकेअरवर, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यावर. जहाजावरच्या उपचारांचे पैसे मेडिकेअर फार मर्यादित परिस्थितीत देतं. त्यातली एक अट अशी की जहाज अमेरिकी बंदरात असावं किंवा बंदरापासून ६ तासांच्या आत असावं. मावशींना न्यूमोनिया झाला तो बंदर सुटल्यावर तिसऱ्या दिवशी. काकांनी बिलावरची वेळ आणि जहाजाचा मार्ग जुळवून पाहिला, पण तास काही सहाच्या आत येईनात.

ब्रिटनमधल्या मैत्रिणीचं असंच झालं. तिकडचं जीएचआयसी हे सरकारी आरोग्य कार्ड युरोपातल्या सरकारी रुग्णालयात चालतं. जहाजावरचा डॉक्टर खासगी, तिथे ते दाखवून उपयोग नाही. शिवाय तिच्या वार्षिक प्रवासविम्यात क्रूझ धरलेलीच नव्हती, त्यासाठी वेगळी जोडणी घ्यावी लागते. तिला वाटलं होतं, 'जगभर' म्हटल्यावर समुद्र त्यात आला.

*

अंटार्क्टिकाला गेलो तेव्हा सहल कंपनीनेच विचारलं, रुग्ण हलवण्याच्या खर्चाचं संरक्षण असलेली पॉलिसी दाखवा, नाहीतर चढता येणार नाही. तेव्हा जाचक वाटलं. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरच्या उशुआया बंदराहून मधला ड्रेक पॅसेज हा समुद्र ओलांडायलाच साधारण दोन दिवस लागतात. आमच्या जहाजावरच्या एका गृहस्थांना पक्षाघाताचा झटका आला. अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर धावपट्टी आहे, तिथून रुग्णवाहक विमान चिलीतल्या पुंता अरेनासला नेतं, पण ढग उतरले की विमान उतरत नाही. जहाज बेटाजवळ नांगर टाकून थांबलं. त्यांच्या पत्नी दिवसभर खिडकीशी बसून ढगांकडे बघत होत्या. विमान दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. एवढ्या लांबच्या विमानाचं बिल घरदार विकायला लावणारं असतं, म्हणून पॉलिसीत उपचाराची रक्कम बघाल तेव्हा रुग्ण हलवण्याच्या खर्चाची मर्यादा वेगळी आहे का, तेही बघा. आमच्यात ती वेगळी आणि कमी होती, नशिबाने लागली नाही.

*

आमचं प्रकरण अजून चालूच आहे, तरी लिहिते.

नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाबांचा झपाट्याने पसरणारा संसर्ग. आधी मुलाला, मग मला. दवाखान्याने दोघांना केबिनमध्ये बंद केलं. जेवण दाराबाहेर ट्रेमध्ये, चादरी लाल पिशवीत. तपासणीचं बिल आलं ते विम्याने मुकाट दिलं. पॉलिसीत 'केबिनमध्ये अडकून पडल्याबद्दल दर २४ तासांमागे भरपाई' असंही एक कलम होतं, आणि आधी पैसे भरलेल्या दोन बंदरांवरच्या सहली बुडाल्या होत्या. दोन्हींचा क्लेम टाकला.

विमा कंपनी म्हणाली, किती वाजता बंद केलं आणि किती वाजता सोडलं ते जहाजाच्या पत्रात नाही, नुसत्या तारखा आहेत. तारखा तीन, पण तास मोजले तर आमच्या आठवणीप्रमाणे एकूण पन्नास. म्हणजे दोन दिवसांचे पैसे मिळायला हरकत नाही, पण आठवण हा पुरावा नव्हे. जहाज कंपनीला तीन ईमेल केले. दोनांना आपोआप निघणारं उत्तर आलं, तिसऱ्याला तेही नाही. कोणी दवाखान्याच्या नोंदवहीची प्रत मागून घेतली असेल तर सांगा, अर्ज कोणाच्या नावे करायचा? मुदत महिनाअखेरीला संपते.