मदत हवी आहे : ओपनएमपीमध्ये चार थ्रेडनंतर वेग वाढत नाही

सांगलीतील आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पूरपातळीचे प्रारूप आम्ही सी++ मध्ये लिहिले असून, आठ कोरच्या एकाच प्रोसेसरवर ते ओपनएमपीने (काम अनेक थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या भागांत, वाटण्याच्या पद्धतीने) चालवतो. मात्र चार थ्रेडनंतर वेग वाढत नाही. जीसीसी या कंपायलरचा वेग वाढवणारा ओ-३ पर्याय वापरला आहे. त्यापुढचा ओफास्ट पर्याय मुद्दाम टाळला, कारण अपूर्णांकांच्या आकडेमोडीचे नियम त्यात शिथिल होतात. थ्रेड कोरना बांधून पाहिले, प्रत्येक थ्रेडची बेरीज ६४ बाइटच्या वेगळ्या कॅश लाइनमध्ये (प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीच्या तुकड्यात) ठेवली, तरी फरक पडला नाही. मोठे मॅट्रिक्स गुणाकार नसल्यामुळे ओपनब्लास किंवा एमकेएल या गणिती लायब्ररींचा येथे फारसा उपयोग नाही. प्रारूपाच्या जाळीतील प्रत्येक चौकटीसाठी शेजारच्या चार चौकटी वाचून थोडीच आकडेमोड होते, म्हणून मेमरीच्या बँडविड्थवर (माहिती ने-आण करण्याच्या वेगमर्यादेवर) संशय आहे. जीपीयू घेणे शक्य नाही. हा संशय लिनक्सच्या पर्फ या कामगिरी मोजणाऱ्या साधनातील कोणत्या नोंदींवरून पडताळावा, आणि तो खरा ठरल्यास आधी लूपचे टायलिंग (जाळीचे कॅशमध्ये मावतील असे तुकडे पाडून आकडेमोड) करावे की ८ बाइटच्या डबलऐवजी ४ बाइटचे फ्लोट वापरावे?