मॅजिकच्या स्पर्धेत एका टर्नला दोन लँड पडले आणि मी त्या मुलीला हरलेली ठरवलं. चुकलो का?

होटगीरोडकर

नमस्कार. मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. मुलगा नववीत आहे. त्याच्या नादानं दोन वर्षांपूर्वी ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ शिकलो आणि आता त्याच्यापेक्षा मलाच जास्त ओढ लागली आहे. महिन्यातून एका रविवारी सात रस्त्याजवळ, ओळखीच्यांच्या क्लासच्या हॉलमध्ये आम्ही छोटी स्पर्धा घेतो. प्रवेश १५० रुपये, बक्षीस म्हणजे बूस्टरची, म्हणजे नव्या कार्डांची, पाकिटं. मागच्या वेळी पहिल्यांदाच १६ जण जमले, म्हणून स्विस पद्धतीनं (हरलं तरी बाद होत नाही, सगळे सगळ्या फेऱ्या खेळतात) ४ फेऱ्या ठेवल्या. वयानं मोठा मीच, म्हणून जजही मीच. नियम वाचून वाचून जेवढे कळले तेवढेच.

तिसऱ्या फेरीत एका टेबलावर अकरावीतली एक मुलगी आणि इंजिनिअरिंगचा एक मुलगा बसले होते. एकेक गेम दोघांनी जिंकलेला, तिसरा चालू. खाली रस्त्यावरून वरात चाललेली, बँडचा आवाज एवढा की समोरच्याचं बोलणं ऐकू येईना. मुलीनं तिच्या चौथ्या टर्नला एक लँड टाकलं. तेवढ्यात मुलानं तिला टेबलावरच्या एका कार्डाचा अर्थ विचारला. तिनं कार्ड उचलून वाचून दाखवलं, त्यावर दोघांचं दोन-तीन मिनिटं बोलणं झालं, आणि मग तिनं आणखी एक लँड टाकलं. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: एका टर्नला हातातून एकच लँड टाकता येतं, आणि जेवढे लँड तेवढी मोठी कार्डं खेळता येतात. तिनं पाच लँडांवर एक मोठा प्राणी एक टर्न आधीच उतरवला.

तेव्हा कोणीच काही बोललं नाही. दोन टर्न गेले. मुलाचं लाईफ (ते शून्यावर आलं की हार) २० वरून ६ वर आलं. मग त्यानं हात वर करून मला बोलावलं आणि म्हणाला, “काका, हिचा सहावा टर्न आहे, लँड मोजा.” मोजले तर सात. तिच्या डेकमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या जुडीत, जास्तीचं लँड आणणारं एकही कार्ड नाही. चूक झाली यात शंका नव्हती. मुलगी म्हणाली, “मला खरंच आठवत नाही.” फेरीची १२ मिनिटं उरलेली, चार-पाच जण मागे गोळा झालेले. मी तो गेम मुलाला दिला. म्हणजे मॅचच दिली.

ती एक शब्द बोलली नाही. कार्डं एकेक करून डबीत भरली, चौथी फेरी खेळली, हरली आणि बक्षीस वाटायच्या आत घरी गेली.

हे एवढंच असतं तर मी इथे लिहिलं नसतं. संध्याकाळी पार्क चौकात भजी खाताना पोरांपैकी एकजण बोलून गेला की त्या मुलाला चौथ्या टर्नलाच कळलं होतं. कळूनही तो गप्प बसला, आणि हरायला लागल्यावर बोलला.

तेव्हापासून मला नीट झोप नाही. माझा निर्णय चुकला का? आता तो फिरवता येईल का? आणि या मुलाचं काय करायचं? आमच्यातला सगळ्यात चांगला खेळाडू तोच. नवीन येणाऱ्याला स्वतःचं डेक देऊन बसून शिकवतो. तो नसता तर हे १६ जण जमलेच नसते. माझ्या मुलालाही त्यानंच शिकवलं.

पिसणारा_पुणे

काका, मी पुण्यात काही वर्षं दुकानांतल्या स्पर्धांमध्ये जज म्हणून उभा राहिलोय. आधी सरळ उत्तर देतो: हो, निर्णय चुकला. पण हा निर्णय नव्या जजकडून जवळजवळ हमखास चुकतो, कारण मोठी चूक दिसली की मोठी शिक्षा द्यावीशी वाटते.

मॅजिकमध्ये स्पर्धेच्या तीन पातळ्या आहेत: रेग्युलर, कॉम्पिटिटिव्ह आणि प्रोफेशनल. तुमची स्पर्धा रेग्युलर. या पातळीवर अनवधानानं झालेल्या अशा चुकीला गेम काढून घ्यायचाच नसतो. चूक लगेच सापडली तर दुरुस्त करायची, नियम समजावायचा आणि खेळ पुढे चालू करायचा. तुमच्या इथे दोन टर्न उलटले होते. मधे हल्ले झाले, नवी कार्डं ओढली गेली, लाईफ बदललं. एवढं मागे नेता येत नाही. अशा वेळी टेबलावर जे आहे ते तसंच ठेवून खेळायला सांगतात. हे अन्यायाचं वाटतं, मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पण मागचं अर्धवट उलगडायला गेलं की गुंता वाढतो.

कॉम्पिटिटिव्ह पातळीवरसुद्धा तिला मिळाली असती ती एक ताकीद. तशाच चुकीची तिसरी ताकीद आली की मग गेम जातो. आणि हे लक्षात घ्या, दोन टर्न चूक न पकडल्याबद्दल समोरच्यालाही ताकीद मिळते. टेबलावरचा खेळ नियमात ठेवणं ही दोघांची जबाबदारी मानलेली आहे.

आता मुलाबद्दल. मॅजिकच्या नियमांत फसवणुकीची व्याख्या स्पष्ट आहे. नियम मोडणं, जजशी खोटं बोलणं किंवा आपल्या मॅचमध्ये झालेली चूक दिसूनही ती न सांगणं, यांपैकी काहीतरी घडलेलं हवं. शिवाय दोन गोष्टी लागतात: आपण करतोय ते नियमाबाहेर आहे हे त्याला माहीत हवं, आणि त्यातून फायदा मिळवायचा प्रयत्न हवा. हे सगळं जुळलं तर शिक्षा एकच, स्पर्धेतून बाद. मुलीची चूक यात कुठेच बसत नाही. त्याचं गप्प बसणं कदाचित बसतं.

‘कदाचित’ का, ते सांगतो. समोरच्याच्या कार्डाचा ट्रिगर, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप होणारा परिणाम, त्याच्याकडून राहून गेला, तर मोठ्या स्पर्धांमध्ये आपण त्याला आठवण करून द्यायला बांधील नसतो. ऑनलाइन सामने बघून शिकलेली मुलं हे बघतात आणि समजतात की समोरच्याची कुठलीच चूक सांगायची नसते. ट्रिगर विसरणं वेगळं आणि एका टर्नला दोन लँड टाकणं वेगळं. हा फरक त्याला माहीत होता की नव्हता, यावर सगळं आहे. तेव्हा त्याला एकट्याला बसवून विचारा. “तू फसवलंस का?” असं विचारू नका. “चौथ्या टर्नला काय काय झालं ते सांग,” एवढंच म्हणा आणि त्याला बोलू द्या.

निकाल मात्र आता फिरवू नका. त्यावर चौथ्या फेरीच्या जोड्या लागल्या, बक्षिसं गेली. मुलीला मात्र सांगा की निर्णय चुकला होता. तुमच्या तोंडून सांगा, मेसेज पाठवू नका.

जुना_भिडू

मी रेल्वेतून निवृत्त झालो, राहायला सम्राट चौकाकडे. तुमचा हा रंगीत पत्त्यांचा खेळ मला येत नाही, पण ब्रिज तीस वर्षं खेळलो आणि मेंढीकोट त्याच्याही आधीपासून.

मेंढीकोटात आमच्या वाड्यात रीत अशी होती: उतारीच्या रंगाचं पान हातात असताना दुसऱ्या रंगाचं टाकलं आणि ते उघडकीला आलं, की अख्खा डाव समोरच्यांचा. तुम्ही केलंत ते हेच. त्यावरून घराघरात अबोले झालेले मी पाहिलेत.

ब्रिजमध्ये हे फार विचार करून बांधलेलं आहे. तिथे या चुकीला रिव्होक म्हणतात. चूक करणाऱ्या बाजूनं पुढच्या हाताला पान टाकलं नसेल तर रिव्होक दुरुस्त करता येतो. टाकलं की तो पक्का झाला. पक्का झाल्यावरही सगळा डाव जात नाही. कोणता हात कोणी जिंकला ते बघून एक किंवा दोन हात समोरच्या बाजूला देतात. तेवढ्यानं नुकसान भरून येत नसेल तर डायरेक्टर, म्हणजे ब्रिजचा जज, आणखी भरून देतो. मोजमाप नुकसानाचं असतं, माणसाच्या मनात काय होतं याचं तिथे कोणी विचारत नाही.

पुण्याच्या मित्रांनी मॅजिकचं सांगितलं त्यात मला एक नवल वाटलं. ब्रिजमध्ये आपल्या बाजूनं केलेली चूक आपण होऊन सांगायची सक्ती नाही. मात्र ती लपवायला काही केलंत, म्हणजे पहिला रिव्होक झाकायला दुसरा केलात किंवा पानं घाईनं मिसळून टाकलीत, तर तो गुन्हा. तुमच्या खेळात नुसतं गप्प बसणंही गुन्हा ठरू शकतं. खेळाखेळांत हे असं वेगळं आहे, म्हणून आधी सांगितलेलं नसेल तर मुलांना ते माहीत असेलच असं धरू नका.

आणि म्हणूनच त्या पोराला एकटं बसवून उलटतपासणी घेणं मला पटत नाही. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, समोर वडिलांच्या वयाचा माणूस. तो एक तर कबूल करेल आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही, नाही तर खोटं बोलेल, आणि ते खोटं तुम्ही त्याच्यावर लादलेलं असेल. त्यापेक्षा पुढच्या स्पर्धेला सुरुवातीलाच सगळ्यांसमोर नियम वाचा.

दुसरं, चूक दिसली की पहिल्यांदा डायरेक्टरला बोलवायचं, टेबलावर आपसात मिटवायचं नाही. हे आमच्याकडे अंगवळणी पडायला कित्येक वर्षं लागली, कारण बोलावणं म्हणजे चुगली असं लोकांना वाटायचं. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजच्या जोडीत सुवर्ण मिळवलं, तेव्हा आमच्या टेबलावर पेढे वाटले होते. त्या पातळीवरही डायरेक्टरला बोलावतात, तेव्हा कोणी तोंड वाकडं करत नाही.

काळा_डेक

काका, मी कोण ते तुम्हाला कळेलच. त्या दिवशी त्याच्या मागे उभा होतो तो मीच. भजी खाताना बोललो तोही मीच.

तेव्हा नीट सांगितलं नाही, आता सांगतो. चौथ्या टर्नला दुसरं लँड पडलं तेव्हा त्यानं मान मागे करून मला हळू म्हटलं, “दोन टाकले बघ.” मला वाटलं आता तुम्हाला बोलावणार. नाही बोलावलं. मलाही दिसलं होतं, मीही गप्प बसलो. कारण त्याच्या आधीच्या महिन्यात मी दुसऱ्या टेबलावर काहीतरी बोललो होतो आणि “बघणाऱ्यानं बोलायचं नसतं” म्हणून मला सगळ्यांनी गप्प केलं होतं. तुम्हीसुद्धा.

ती माझ्या बहिणीच्या वर्गात आहे. वर्गात कोणीतरी तिला “दोन लँडवाली” म्हटलं. ते मला कळल्यापासून मलाही वाईट वाटतंय.

पिसणारा_पुणे

@काळा_डेक, लिहिलंस ते बरं केलंस. नियम असा: बघणाऱ्यानं डाव सुचवायचा नाही, कोणतं कार्ड खेळ हे सांगायचं नाही. पण नियम मोडलेला दिसला तर “जरा थांबा, जजला बोलावतो” असं तो म्हणू शकतो. तेवढ्यापुरता खेळ थांबवायची त्याला मुभा आहे. जजला बाजूला घेऊन सांगितलं तरी चालतं. ‘बघणाऱ्यानं बोलू नये’ एवढंच सगळीकडे पसरतं आणि पुढचं अर्धं कोणी सांगत नाही.

जुना_भिडू काकांचं म्हणणं वाचून थोडा थांबलो. तरी माझं मत तेच आहे, विचारायला हवं. सगळ्यांसमोर नुसता नियम वाचला तर ज्याला कळायचं त्याला कळेल, पण मुलीवरचा डाग त्यानं जात नाही.

काका, आणखी दोन कामाच्या गोष्टी. लाईफ कागदावर लिहायला लावा. फाशावर ठेवलं तर टेबलाला धक्का लागला की फासा फिरतो आणि मग कोणाचं खरं ते ठरत नाही. आणि टर्नचं लँड टाकलं की ते थोडं पुढे सरकवून ठेवायचं, टर्न संपला की ओळीत घ्यायचं. हा नियम नाही, पण बँड वाजत असला तरी लक्षात राहतं.

होटगीरोडकर

सगळ्यांचे आभार. चार दिवस लिहिलं नाही, कारण आधी जे करायचं ते करून मग लिहावं असं ठरवलं.

मुलीच्या घरी गेलो. दोघी मायलेकी समोर बसल्या. मी म्हणालो, निर्णय माझा चुकला, तुझी चूक ताकीद देण्याएवढीही नव्हती. तिनं विचारलं, “मग काका, तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात तसं हेही सगळ्यांसमोर म्हणाल का?” म्हणेन म्हणालो. ती येईल की नाही ते तिनं सांगितलं नाही. निघताना तिच्या आईनं शेंगा चटणीची पुडी हातात दिली. मला ती घ्यायचीही लाज वाटली.

बघणाऱ्याला गप्प करणारा मीच होतो, हे मला आठवतही नव्हतं. @काळा_डेक, तुझी माफी मागतो.

त्या मुलाशी बोललो. जुना_भिडू, तुमचं म्हणणं डोक्यात होतं म्हणून हॉलवर बोलावलं नाही. सिद्धेश्वर तलावाच्या काठानं दोघं चालत गेलो. पिसणारांनी सांगितलं तसं एवढंच विचारलं, चौथ्या टर्नला काय झालं. तो आधी ट्रिगरचंच बोलला, समोरच्याचं आपण सांगायचं नसतं म्हणून. मी काही म्हटलं नाही. थोडं पुढे गेल्यावर स्वतःच म्हणाला, “पण मग सहाव्या टर्नला मी बोलायलाच नको होतं ना.” त्यानंतर बराच वेळ तो गप्प होता. मीही होतो.

त्याला फरक माहीत होता की नव्हता, हे मला अजून नक्की सांगता येणार नाही. मला वाटतं चौथ्या टर्नला नव्हता आणि सहाव्याला होता. एवढ्यावर त्याला बाद ठरवावं असं मला वाटत नाही, सोडूनही द्यावं असं वाटत नाही. पुढची स्पर्धा त्यानं खेळू नये, माझ्याबरोबर जज म्हणून उभं राहावं, असं मी सुचवलंय. त्यानं अजून हो म्हटलेलं नाही.

नियमांचं एक पान मराठीत लिहून काढलंय. आमच्यातल्या तीन मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, त्यांच्यापैकी एकजण ते तेलुगूत वाचणार आहे. पहिली ओळ बघणाऱ्यांसाठी ठेवली, दुसरी गप्प बसण्याबद्दल, आणि लँडचं तिसऱ्या ओळीत. स्पर्धा रविवारी साडेदहाला आहे. हॉलची किल्ली मी त्या मुलाकडे दिली आहे आणि दहाला ये म्हणून सांगितलंय.