एकच विषय पुन्हा पुन्हा रंगवणे हा दोष मानावा का?

पूर्वभागातील चित्रकर्ती

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले. घरी तेलुगू आणि शाळेत मराठी. जी. डी. आर्ट ही चित्रकलेची पदविका पूर्ण होऊन तीन वर्षे झाली. या काळातील माझी बहुतेक चित्रे तीनच विषयांभोवती फिरत आहेत: मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारे आईचे हात, बंद पडलेल्या यंत्रमागांची शेड आणि गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतील नंदीध्वज (मिरवणुकीत उभ्या धरून नेल्या जाणाऱ्या उंच, सजवलेल्या काठ्या). हे विषय मी ठरवून निवडलेले नाहीत. वडील ज्या कारखान्यात कामाला होते तो बंद झाला तेव्हा मी नववीत होते. माग भंगारात गेल्यावरही छताच्या लोखंडी पट्ट्यांना कापसाचे तंतू लोंबत राहिले होते, आणि दुपारी पत्र्याच्या भोकांतून ऊन आत आले की ते हलताना दिसत. ते दृश्य मी अकरा वेळा रंगवले आहे.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका शहरातील समूह प्रदर्शनात माझी सहा चित्रे लागली होती. तेथे एका ज्येष्ठ रसिकांनी ती शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "ही सहा चित्रे नाहीत, एकाच चित्राच्या सहा प्रती आहेत. आता विषय बदला." ते रागाने बोलले नाहीत, म्हणूनच ते मनाला अधिक लागले. मी खरोखर विषय बदलावा का? आणि ज्यांनी आयुष्यभर एकच वस्तू रंगवली, त्यांना ती पुन्हा पुन्हा का हवीशी वाटली असेल? तिन्ही विषयांच्या एकेका चित्राची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

निवृत्त कलाशिक्षक

आपण आपल्याच जिल्ह्यापासून सुरुवात करू. चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपूरचा. आई गेली तेव्हा ते इतके लहान होते की तिचा चेहरा त्यांना कधीच आठवला नाही. पुढे मदर तेरेसांवर त्यांनी जी चित्रमालिका केली, तिच्यात निळ्या काठाची पांढरी साडी आहे, मांडीवर मूल आहे, पण चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार आहे. हा विषय त्यांनी एका चित्रात संपवला नाही, आणि माझ्या मते तो एका चित्रात संपण्यासारखा नव्हताच. चित्रकार सय्यद हैदर रझा यांचेही तसेच. मध्य प्रदेशातील खेड्यातल्या शाळेत मन स्थिर होत नाही म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितले. रझा १९५० साली फ्रान्सला गेले, तेथे अनेक वर्षे निसर्गचित्रे करत राहिले, आणि तो ठिपका 'बिंदू' होऊन त्यांच्या कॅनव्हासवर ठाण मांडून बसला तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. म्हणजे विषय लहानपणीच मिळालेला असतो, तरी तो हाताला यायला चाळीस-पन्नास वर्षेही लागू शकतात.

मात्र त्या रसिकांचे म्हणणे पूर्णपणे बाजूला सारू नका. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८९२ आणि १८९३ साली रूआं शहरातील चर्चची दर्शनी बाजू समोरच्या इमारतीतून तीसहून अधिक वेळा रंगवली. त्यांच्याभोवती एकाच वेळी अनेक कॅनव्हास मांडलेले असत आणि ऊन सरकले की ते पुढचा कॅनव्हास हाती घेत. दगड तोच होता. सकाळचा निळसर दगड, दुपारचा पिवळा दगड आणि धुक्यातला दगड हे त्यांच्या दृष्टीने तीन वेगळे विषय होते. तुमची अकरा चित्रे ओळीने मांडा आणि पहिल्यापासून अकराव्यापर्यंत काय बदलले ते प्रामाणिकपणे पाहा. केवळ चौकटीचा आकार बदलला असेल, तर ते रसिक बरोबर बोलले.

जोडलेल्या तीन चित्रांपैकी हातांचे चित्र मला फार चांगले वाटले. डाव्या तर्जनीवर विडी बांधण्याचा सुताचा दोरा काचून जी रेघ उमटली आहे, ती तुम्ही वेगळ्या रंगाने काढली नाही. तेथे रंग खरवडून खालचा कॅनव्हास उघडा केला आहे. ज्याने रोज हे पाहिले आहे त्यालाच ते सुचते.

ग्राफवाला

मी चित्रकार नाही. सोलापुरी चादरीच्या नक्षीचे ग्राफ काढण्यात माझी तीस वर्षे गेली. आमच्या कामात तेच तेच येणे हा दोष नसून पाया असतो, म्हणून लिहावेसे वाटले. चौकटीच्या कागदावर मोर काढताना एक चौकोन म्हणजे ताण्याचा (उभा) एक धागा बाण्याच्या (आडव्या) एका धाग्याला भेटण्याची जागा. त्यावरून जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्यांना भोके पाडायची. भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे तो खाली राहतो. मोराची मान कितीही गोल हवी असली तरी ती पायऱ्यापायऱ्यांनीच वळते. तो एक मोर चादरभर पुन्हा पुन्हा येतो, पण दोन मोरांमधली मोकळी जागा चुकली तर सगळी चादर आंधळी दिसते. आमचे उस्ताद आम्हाला मोर न पाहता ती मोकळी जागा पाहायला लावत असत.

आणखी एक गोष्ट. आपली चादर दुहेरी विणीची असते. सुलट बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल फूल असेल, तर उलट बाजूला तेच फूल पांढरे होते आणि जमीन लाल होते. धागे तेच, फक्त त्यांनी जागा बदललेल्या असतात. तुमच्या शेडच्या चित्रात ऊन उजळ आहे आणि यंत्र काळे आहे. हे चित्र एकदा उलट बाजूने विणून पाहावे, असे मला सुचवावेसे वाटते: ऊन हीच काळी जमीन, आणि जेथे माग नाहीत ती जागा उजळ.

अक्षता

मी थोडे वेगळे बोलते, राग मानू नये. हात आणि शेड हे तुमचे स्वतःचे विषय आहेत. नंदीध्वजाचे चित्र मला तसे वाटत नाही. त्यात सातही नंदीध्वज एका ओळीत आहेत, मागे सिद्धेश्वर मंदिर आणि तलाव आहे, आकाश केशरी आहे. हे चित्र दिनदर्शिकेवर आपण सर्वांनी पाहिले आहे. यण्णीमज्जनाच्या, म्हणजे यात्रेतील तैलाभिषेकाच्या दिवशी मिरवणूक अडुसष्ट लिंगांना जाते तेव्हा तुम्ही अनवाणी तिच्याबरोबर चालला आहात का? बाराबंदी (बंदांनी बांधायचा पांढरा अंगरखा) घालून नंदीध्वज धरलेल्या माणसाच्या मागे चार पावलांवर चालताना ध्वजाचे वरचे टोक दिसतच नाही. दिसते ती घामाने पाठीला चिकटलेली पांढरी बाराबंदी, पांढऱ्याच रंगाच्या पाच-सहा छटा, आणि काठी झुकू लागली की बाजूच्यांचे एकाच वेळी उठणारे हात. तुमच्या चित्रांतला सर्वांत जिवंत भाग हातांचाच आहे, आणि येथेही हातच आहेत.

सोलापूरचे संत सिद्धरामेश्वर यांच्याशी विवाहाची इच्छा धरणाऱ्या कुंभारकन्येला त्यांच्या योगदंडाशी विवाहाची अनुमती मिळाली, या कथेवर ही सगळी यात्रा उभी आहे. तिला मध्यभागी ठेवलेले चित्र माझ्या तरी पाहण्यात आलेले नाही.

पूर्वभागातील चित्रकर्ती

आपण सर्वांनी चित्रे इतकी बारकाईने पाहिलीत, याबद्दल मनापासून आभार. काल रात्री अकराही चित्रे घरातील भिंतीला टेकवून ओळीने मांडली. पहिल्या पाचांत दुपारचे दोन वाजल्याचे ऊन आहे आणि पुढच्या सहांतही तेच आहे. मी शेडमध्ये पुन्हा गेलेच नव्हते, आठवणीतले एकच ऊन रंगवत होते, हे मला त्या क्षणी कळले. तेथे आता गोदाम आहे. मालकांनी सकाळी सातला येऊन बसण्याची परवानगी दिली आहे. अक्षताताईंचे नंदीध्वजाबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे. ती मिरवणूक मी नेहमी गच्चीवरूनच पाहिली आहे. ग्राफवाले काका, उलट बाजूच्या शेडचे लहान रेखाटन मी कोळशाने सुरू केले आहे.

एक अडचण मात्र सुटत नाही. विडीसाठी भिजवलेल्या तेंदूच्या पानाचा रंग मला अजून साधलेला नाही. हिरवा घेतला तर पान ताजे दिसते आणि तपकिरी घेतला तर वाळके.

निवृत्त कलाशिक्षक

पानासाठी हिरव्याची नळी उघडूच नका. यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळ्यात) अगदी थोडा काळा मिसळला की मातकट हिरवी छटा आपोआप येते. ती बर्न्ट सिएनाच्या (तांबूस तपकिरी रंगाच्या) पातळ, वाळलेल्या थरावर लावा आणि कडेला खालचा थर थोडा उघडा राहू द्या. ओल दाखवायची असेल तर पानाच्या शिरेजवळ थंड करडा, तोही पान सुपाच्या सावलीत असेल तेथेच. आधी वेगळ्या तुकड्यावर करून पाहा, आणि शेजारी खरे पान ठेवा.