साबण बिघडला, साच्यात वर तेल तरंगतंय. मदत हवी आहे, लवकर

पारोळेकरीण
काल रात्री साबण टाकला. आज सकाळी बघते तर वर तेलाचा थर, मधे पांढरा लगदा आणि साचा जरा वाकवला की खालून पाणी येतंय. आधी याच पद्धतीने छान घट्ट वड्या पडल्या होत्या. तेच प्रमाण, तेच तेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून हेच द्यायचे आहेत, गल्लीत सगळ्यांना सांगूनही झालंय. हे टाकून द्यायचं की दुरुस्त होतं? बाजारातून आणा असं कृपया कोणी सांगू नका.

भुसावळवाला
ताई, प्रमाण लिहा. कोणतं तेल किती, कॉस्टिक सोडा किती, पाणी किती. त्याशिवाय सगळे अंदाजानेच बोलतील.

पारोळेकरीण
प्रमाणात घोळ नाही म्हणून लिहिलं नव्हतं. नेहमीचंच आहे.

भुसावळवाला
तुमचं नेहमीचं आम्हाला कसं कळणार?

पारोळेकरीण
खोबरेल ५०० ग्रॅम, शेंगदाण्याचं ४००, एरंडेल १००. कॉस्टिक १५०, पाणी ३३०. सगळं काट्यावर मोजलेलं. आता सांगा, वाचेल का?

देवपूर_धुळे
पाणी बोरचं होतं का? आमच्याकडे बोरच्या पाण्याला साबणाचा फेसच येत नाही, बादलीत वर नुसती मळकट साय धरते. जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं. माझ्या मते दोष पाण्याचाच आहे. फिल्टरचं पाणी घ्या, पुढच्या वेळी काही होणार नाही.

भुसावळवाला
जड पाण्याने फेस कमी येईल, वडीवर डाग पडतील. तेल सुटून वर येणार नाही. आणि ३३० ग्रॅम पाण्यात क्षार ते किती असणार?

देवपूर_धुळे
किती असणार म्हणजे? आमच्या गिझरची कॉइल एकदा येऊन बघा.

यावलचे_नाना
ताई, कॉस्टिकच्या नादी लागूच नका. आपल्या रावेर-यावल पट्ट्यात घड कापल्यावर केळीची खोडं बांधावर पडून सडतात. खोड वाळवायचं, जाळायचं, राख पाण्यात रात्रभर भिजवून वरचं नितळ पाणी गाळून घ्यायचं. हात बुळबुळीत होतो इतका खार असतो त्यात. फुकटचं आहे आणि हाताला भाजत नाही. मी सांगस तसं एकदा करी दखा.

शहादा_लॅब
नाना, राख चांगली, पण या कामाला नाही. तिच्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असतं. भांडी-कपडे निघतील, पण तेलाचा पुरता साबण करायला ते कमजोर पडतं. चुना घालून तीव्र केलं तर साबण होतो, पण पोटॅशचा साबण मऊच राहतो, वडी पडत नाही. जुने लोक त्यात मीठ घालून घट्ट साबण वेगळा काढायचे, ते काम दिवसभराचं आहे. आणि भाजत नाही असं लिहू नका. आटवलेलं राखेचं पाणी डोळ्यात गेलं तर इजा होतेच.

यावलचे_नाना
दिवसभर लागू द्या की. घाई कोणाला आहे?

पारोळेकरीण
मला आहे नाना. संक्रांत तोंडावर आलीय.

चोपडा_घाणा
माझा लाकडी घाणा आहे म्हणून विचारतो. ताई, खोबरेल बाटलीतलं होतं का? घाण्यावर तेल किलोवर देतात, बाटलीवर मिली लिहिलेलं असतं. ५०० मिली खोबरेल वजनात ४६० ग्रॅमच्या आसपास भरतं. इथेच भलेभले फसतात. तुमचा कॉस्टिक जास्त झालाय.

पारोळेकरीण
बाटलीच होती, पण काट्यावर ओतून घेतलं असं वर लिहिलंय.

शहादा_लॅब
हिशेबच मांडतो, म्हणजे हा मुद्दा संपेल. एक ग्रॅम खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक लागतो, शेंगदाण्याला साधारण ०.१३६, एरंडेलाला ०.१२८. ताईंच्या प्रमाणात ९१.५ अधिक ५४.४ अधिक १२.८, म्हणजे १५८.७ ग्रॅम. त्यांनी १५० घातलाय. सुमारे साडेपाच टक्के तेल साबण न होता मोकळं राहतं, अंगाच्या साबणाला तेवढं हवंच. चोपड्याचे भाऊ म्हणतात तसं खोबरेल ४६० च असलं, तरी १५१ च्या पुढे लागला असता. म्हणजे तेव्हाही कॉस्टिक वरचढ होत नाही, फक्त मोकळं तेल जेमतेम उरतं. कागदावर कृती ठीक आहे.

एकच शंका, कॉस्टिकचा डबा उघडा राहिला होता का? हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून त्याचा हळूहळू धुण्याचा सोडा होतो. मग १५० मोजला तरी कामाचा तेवढा नसतो.

पारोळेकरीण
नवीन पुडा, कालच फोडला. फ्लेक्स मोकळे होते, गोळा झालेला नव्हता.

अमळनेरकर
साबणाचा विषय निघाला म्हणून सांगतो. आज जगभर पसरलेली विप्रो १९४५ साली आमच्या अमळनेरात तेलाची कंपनी म्हणून सुरू झाली. वनस्पती तूप करायचे आणि त्या जोडीने कपडे धुण्याचा ७८७ साबण. खान्देशात तेलबिया आणि साबण यांचं नातं जुनं आहे. ताई तुम्ही पारोळ्याच्या, म्हणजे आमच्या शेजारच्याच. जमणार तुम्हाला.

नंदुरबार_सल्ला
महत्त्वाचं कोणी बोलत नाहीये. अंगाचा साबण विकायचा तर परवाना लागतो. सौंदर्यप्रसाधन नियम २०२० वाचून घ्या. वेष्टनावर घटक, वजन, बॅच, तारीख लागते.

पारोळेकरीण
विकायचा नाहीये हो. वाण आहे.

जळगावची_साबणवाली
ताई, उशिरा वाचलं. तीन गोष्टी विचारते. घोटलं कशाने आणि दाट व्हायला किती वेळ लागला? तेल आणि कॉस्टिकचं पाणी एकत्र केलं तेव्हा दोन्ही कोमट होतं की गार? आणि साचा रात्री कुठे ठेवला?

पारोळेकरीण
रवीने घुसळलं. या वेळी लवकर दाटलं, नेहमी हात भरून येतो, काल दहा मिनिटांत रेघ उमटायला लागली. व्हिडिओत दोन्ही खोलीच्या तापमानाला आणा असं होतं, म्हणून कॉस्टिकचं पाणी पूर्ण गार होऊ दिलं. खोबरेल थिजलं होतं, ते दुपारी उन्हात ठेवून पातळ केलं होतं. साचा ओट्यावर, खिडकीपाशी.

जळगावची_साबणवाली
मग सापडलं. तुमचा साबण दाटलाच नव्हता, खोबरेल थिजलं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं. आपल्याकडे मे महिन्यात खोलीचं तापमान म्हणजे तेल ओतायला नुसतं पाणी, आणि पौषात रात्री तीच खोली गारठलेली. निम्मं तेल खोबरेल, वर गार कॉस्टिक पडल्यावर त्याचे बारीक कण झाले आणि रवीला दाट लागलं. रेघ उमटली ती थिजलेल्या तेलाची. कॉस्टिकची आणि तेलाची गाठ पडायच्या आतच तुम्ही साच्यात ओतलं. मग रात्रभरात शेंगदाण्याचं पातळ तेल वर आलं, कॉस्टिकचं पाणी खाली बसलं, मधे खोबरेलाचा लगदा राहिला. तुमचं वर्णन अगदी हेच आहे.

थंडीत तेल आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही ४० अंशांच्या आसपास ठेवून मिसळायचं, मगच घोटायचं. साचा गोधडीत गुंडाळून ठेवायचा.

भुसावळवाला
पटलं. प्रमाण तेच, हवा वेगळी. आधीच्या वड्या उन्हाळ्यात टाकल्या होत्या का ताई?

पारोळेकरीण
हो, वैशाखात. आता हा वाचेल का ते सांगा ना.

जळगावची_साबणवाली
वाचेल. पण आधी ऐका. खाली जे पाणी दिसतंय ते कच्चं कॉस्टिक आहे. हातमोजे आणि चष्मा घालूनच साचा उचला, घरात लहान मूल असेल तर दार लावून घ्या. ते पाणी ओतून देऊ नका, त्याच्याशिवाय हिशेब जमणार नाही. तेल, लगदा, पाणी सगळं स्टीलच्या भगोण्यात काढा. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात मुळीच नाही, कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सुटतो. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात भगोणं बसवा आणि मंद आचेवर घोटत राहा. आधी सगळं पातळ होईल, तेल परत फुटल्यासारखं दिसेल, थांबू नका. मग दाटेल आणि शेवटी कडेने पारदर्शक होत आत वळायला लागेल. तास-दीड तास धरून चाला. फार कोरडं पडलं तर चमचा-दोन चमचे गरम पाणी घाला. भगोणं अर्ध्याच्या वर भरू नका, मधे फुगून वर येतं.

देवपूर_धुळे
झाला की नाही ते जिभेला लावून बघा. चटका बसला तर कच्चा.

शहादा_लॅब
हे इथे लिहू नका. जमलेल्या वडीला कोणी जीभ लावत असेल, पण जिच्यात कॉस्टिक वेगळा बसला होता तिला नाही. मेडिकलमध्ये किंवा लॅबचं सामान मिळतं तिथे पीएचच्या पट्ट्या मिळतात. चिमूटभर साबण पाण्यात विरघळवून बघा. ९ ते १० ठीक, साबण तेवढा अल्कलीच असतो. १२ च्या घरात गेला तर अजून शिजवा.

चोपडा_घाणा
हातावर उडालं तर लगेच व्हिनेगर लावा.

शहादा_लॅब
नाही. नळाखाली धरा, भरपूर पाणी, पंधरा-वीस मिनिटं. व्हिनेगर ओटा पुसायला ठेवा. डोळ्यात गेलं तर पाणी मारत मारतच दवाखाना गाठा.

पारोळेकरीण
आईंनी मुलीला घेऊन वर गच्चीत नेलं. शिजवायला घेतेय. मधेच फुटलं तर इथे विचारीन.

यावलचे_नाना
तोवर कोणाला राख पाहिजे असेल तर सांगा, खोडं भरपूर आहेत.

चोपडा_घाणा
नाना, ग्रँडनैन जातीच्या केळीची आहेत का? मला गायीच्या गोठ्यात भांडी घासायला चालतील.

पारोळेकरीण
झालं!! तेल पूर्ण शोषलं गेलं. आधी तर वाटलं गेलंच, भगोण्यात चोथा आणि तेल वेगवेगळं फिरत होतं. रवी टाकून लाकडी पळी घेतली. नंतर गाजराच्या हलव्यासारखं भगोण्याची कड सोडायला लागलं. पट्टी ९ आणि १० च्या मधे दाखवतेय. साच्यात दाबून भरलंय, वरून ओबडधोबड आहे. आता साबणवाली ताई, दोन शंका. थंड पद्धतीच्या साबणाला महिना-दीड महिना वाळवायला लागतं ना, मग संक्रांतीला कसं? आणि वाण प्लास्टिकच्या पिशवीत देऊ की कागदात?

जळगावची_साबणवाली
शिजवलेला आहे, म्हणजे साबण होऊन गेलाय, उरलंय ते नुसतं पाणी सुकणं. उद्या कापा आणि वड्या उभ्या करून वाऱ्याला ठेवा, उन्हात नाही. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, तुमचं शेवटच्या आठवड्यात घ्या. आठवडा-दोन आठवड्यांत देता येईल इतपत घट्ट होईल. घेणाऱ्या बायकांना सांगा, लगेच काढाल तर लवकर झिजेल, फाल्गुनात वापरा. प्लास्टिक नको, आत घाम धरतो. साध्या कागदाची पट्टी मधोमध गुंडाळा, दोन्ही टोकं उघडी ठेवा.

नंदुरबार_सल्ला
पट्टीवर घटक मात्र लिहा. शेंगदाणा आहे त्यात, कोणाला ॲलर्जी असू शकते.

पारोळेकरीण
हे बरं सांगितलंत भाऊ, लिहिते.